पाच जोडी ओठ आणि १४ मीटर नळी

बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वरात येते. लाल कोट, सोनेरी झालर, घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव आणि त्याच्यापुढे गाल फुगवून वाजवणारे दहा-पंधरा जण. त्यांचं वाजवणं कान देऊन कुणी ऐकत नाही. ते ऐकण्यासाठी नसतंच. वरात आली हे अख्ख्या गल्लीला कळावं म्हणून असतं. त्यामुळे लंडनमधल्या एका चर्चमध्ये भर दुपारी ब्रास क्विंटेटची, म्हणजे पाच पितळी वाद्यांची, मैफल आहे असं कळल्यावर मी गेले खरी, पण बसले मुद्दाम शेवटच्या रांगेत, दाराजवळ. कान किटले तर गुपचूप सटकता यावं म्हणून.

पहिला सूर इतका हळू आला की तो कधी सुरू झाला तेच कळलं नाही. समोर पाच माणसं, त्यांच्या हातात पाच चकचकीत पितळी वाद्यं, आणि आवाज मात्र दगडी भिंतींतून झिरपल्यासारखा. मग तो वाढत गेला, भरत गेला आणि छताला टेकला. मी दाराजवळची खुर्ची सोडली ती पुढच्या रांगेत जाण्यासाठी.

हा लेख त्या शेवटच्या रांगेत बसलेल्यांसाठी आहे. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नको, नोटेशन वाचता यायला नको. एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की करून घ्यायची: या वाद्यांत पितळ वाजत नाही, ओठ वाजतात. मैफलीतल्या बहुतेक गमती या एका वाक्यातून उलगडत जातात.

ओठ करतात काय?

बासरीत फुंकेची धार भोकाच्या काठावर आपटते आणि आवाज होतो. सनईत पत्ती थरथरते. ब्रासच्या वाद्यात पत्तीही नाही आणि काठही नाही. वादक ओठ मिटून, ताणून, पेल्याच्या आकाराच्या माउथपीसवर टेकवतो आणि त्यांच्यामधून हवा ढकलतो. ओठ थरथरतात. लहान मुलं गाडी-गाडी खेळताना 'भुर्रर्र' करतात, तसंच. फक्त फार घट्ट आणि फार नेमकं. मैफलीआधी सगळे ज्या सुराला वाद्यं जुळवतात तो वरचा 'ए' वाजवताना ट्रम्पेटवाल्याचे ओठ सेकंदाला सुमारे ४४० वेळा उघडझाप करत असतात. कुणाला खोटं वाटत असेल तर माउथपीस वाद्यातून काढून नुसता वाजवायला सांगा. माशी गुणगुणावी तसा आवाज येतो, पण गाण्याची चाल ओळखू येते.

म्हणून ब्रास कुटुंबात कोण येतं आणि कोण येत नाही, हे धातूवरून ठरत नाही. सॅक्सोफोन अख्खा पितळेचा, पण त्याच्या तोंडाशी बोरूची पत्ती असते, म्हणून तो क्लॅरिनेटच्या घरातला. उलट आपला शंख, आपली तुतारी आणि शिंग ही ओठांनी वाजणारी, म्हणजे ट्रम्पेटची सख्खी भावंडं. सोळाव्या शतकात युरोपात 'कॉर्नेट्टो' नावाचं एक वाद्य फार लोकप्रिय होतं. ते चक्क लाकडी, वरून कातडं गुंडाळलेलं. तरी ओठांचं म्हणून याच कुळातलं. आणि पितळ तरी काय, सत्तर भाग तांबं नि तीस भाग जस्त, आपल्या घरातल्या घागरी-परातींसारखंच. आवाज ठरतो तो मुख्यतः नळीच्या आकारावर. धातूचा त्यात वाटा थोडा. आता तर प्लास्टिकचे ट्रॉम्बोनही मिळतात आणि ते बऱ्यापैकी ट्रॉम्बोनसारखेच वाजतात.

मग नळीचं काम काय? नळी निवड करते. ओठ कुठल्याही गतीने थरथरू शकतील, पण ठरावीक लांबीची नळी ठरावीक सुरांनाच साथ देते आणि बाकीच्यांना जवळजवळ घसरवून आपल्या सुरांवर आणते. हे ठरावीक सूर कोणते, हे मराठी कानाला शिकवावं लागत नाही. तानपुऱ्याजवळ शांत बसलं की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. साध्या, बटणं नसलेल्या नळीतूनही तीच मालिका निघते: सा, मग प, मग वरचा सा, मग ग, प, एक किंचित उतरलेला कोमल नि, आणि पुन्हा सा. तानपुऱ्यात हे सूर एकदम, एकमेकांत मिसळून येतात. ब्रासवादक ओठ आवळत-सैलावत त्यांना एकेक करून वेचतो. लष्करातला बिगुल याच चार-पाच सुरांवर चालतो. त्याला ना बटणं असतात ना भोकं, म्हणून त्याच्या सगळ्या धून एकाच घरच्या वाटतात.

या मालिकेची एक खोड आहे आणि मैफल ऐकताना ती माहीत असली तर मजा दुप्पट होते. खाली हे सूर लांब लांब आहेत, वर जावं तसे जवळ जवळ येतात. पहिल्या सा ते सा मध्ये एकच प. पुढच्या सप्तकात चार पायऱ्या, त्याच्या पुढच्यात आठ. म्हणजे शिडी वर जाताना पायऱ्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं, आणि पाय घसरण्याची भीती वाढत जाते. बाख या जर्मन संगीतकाराच्या, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, काळात ट्रम्पेटला बटणं नव्हती आणि त्याची नळी आजच्यापेक्षा साधारण दुप्पट लांब होती. तरी ते लोक सुरेल चाली वाजवत, कारण ते शिडीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे सगळे सूर शेजारी शेजारी आहेत, तिथेच चढून बसत. नुसत्या ओठांच्या भरवशावर.

मधले राहिलेले सूर मिळवायचे तर नळीची लांबी बदलायला हवी. ट्रॉम्बोनने ते फार पूर्वी, पंधराव्या शतकातच सोडवलं: नळीचा एक भाग दुसऱ्यावर सरकवायचा. बाकीच्यांना एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत थांबावं लागलं. १८१८ साली हाइनरिख श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिख ब्ल्यूमेल या दोघा जर्मनांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. व्हॉल्व्ह म्हणजे रेल्वेचा सांधा समजा. बटण दाबलं की हवा सरळ न जाता एका जादा वळणातून फिरून येते, नळी तेवढी लांब होते, सूर उतरतो. मधल्या बटणाने अर्धा स्वर, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. तीन बटणं आणि ओठ, एवढ्यात सगळे बारा स्वर.

यात एक हिशेबाची गफलत आहे. नळी आधीच लांब झालेली असताना तिसऱ्या बटणाचं वळण त्या लांब नळीच्या मानाने तोकडं पडतं आणि सूर चढा लागतो. म्हणून ट्रम्पेटवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहा. अनामिका एका कडीत अडकवलेली असते आणि मध्येच ती एक छोटी नळी पुढे ढकलते, लगेच मागे घेते. चढा सूर त्या क्षणात उतरवला जातो. मला हे कुणी दाखवलं नसतं तर तो नुसता बोटांचा चाळा वाटला असता.

पाच जण

ब्रास क्विंटेटमध्ये दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा. सगळ्यांच्या नळ्या उलगडून एकापुढे एक ठेवल्या तर साधारण १४ मीटर भरतात. ट्रम्पेटची सुमारे दीड मीटर, ट्रॉम्बोनची पावणेतीन, हॉर्नची पावणेचारच्या जवळपास, आणि मोठ्या ट्यूबाची पाच मीटरच्या आसपास.

आवाजाने हे दोन गटांत पडतात. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची नळी बराच लांबपर्यंत एकाच रुंदीची असते, शेवटी फुलते. हॉर्न आणि ट्यूबाची सुरुवातीपासूनच हळूहळू रुंदावत जाते. एवढ्या फरकाने पहिल्या दोघांचा आवाज धारदार आणि दुसऱ्या दोघांचा मऊ, गोल. जोरात वाजवलं की हे फारच उघड होतं. ट्रॉम्बोनच्या सरळ नळीतून जाणारी दाबाची लाट पुढे सरकता सरकता उभी, टोकदार होत जाते. बाहेर पडताना तिला आघात-लहरीचं रूप येतं, म्हणजे विमान आवाजाचा वेग ओलांडताना जे घडतं त्याचीच घरगुती आवृत्ती. तो झळझळीत, पत्रा फाटल्यासारखा आवाज म्हणजे हाच. रुंदावत जाणाऱ्या नळीत लाट पसरते, तिला धार येत नाही. म्हणून ट्यूबा कितीही जोरात वाजली तरी ओरखडत नाही.

पहिला ट्रम्पेट सगळ्यांना दिसतो आणि ऐकूही येतो, त्याच्याबद्दल वेगळं सांगायला नको. मी नवख्या श्रोत्याला सांगेन की हॉर्नवर लक्ष ठेव. हॉर्नची नळी ट्रॉम्बोनपेक्षाही लांब, पण तो वाजतो त्या नळीच्या शिडीवर अगदी वरच्या भागात, जिथे पायऱ्या एकमेकींना चिकटल्या आहेत. ओठ केसभर इकडचे तिकडे झाले की शेजारचा सूर लागतो, किंवा दोन्हींच्या मध्ये काहीतरी फुटकं निघतं. जगातल्या उत्तमोत्तम वादकांचाही हॉर्न कधीतरी चिरकतो आणि जाणकार श्रोते त्याला नाक मुरडत नाहीत. दोरावरून चालणाऱ्या डोंबाऱ्याचा पाय एकदा डगमगला म्हणून कुणी पैसे परत मागत नाही.

हॉर्नचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्याचं तोंड मागे असतं आणि वादकाचा उजवा हात त्या तोंडात. बटणं येण्याआधी, अठराव्या शतकात, वादक हाताने ते तोंड कमी-जास्त बंद करून अधले-मधले सूर काढत. बटणं आली, पण हात तिथेच राहिला, कारण त्यानेच आवाजाला तो लोकरीसारखा पोत येतो. आवाज आधी मागच्या भिंतीवर जातो आणि मग तुमच्याकडे. म्हणून तो नेहमी थोडा दुरून आल्यासारखा वाटतो. वादकाच्या मागे जाड पडदा असेल तर बिचारा हॉर्न निम्मा गिळला जातो.

ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवर सात जागा असतात, पण खुणा नसतात. व्हायोलिनसारखंच, जागा कानाने शोधायची. आपल्या कानाला ट्रॉम्बोन पटकन आवडतो, कारण पाचांत खरीखुरी मींड घेऊ शकणारा तोच. आणि ट्यूबा हे या घरातलं शेंडेफळ, १८३५ साली बर्लिनमध्ये जन्मलेलं. ते 'भोंप भोंप' करण्यापुरतंच आहे असा समज असेल तर चांगल्या क्विंटेटमध्ये तो पहिल्या दहा मिनिटांत मोडतो. काही मंडळी ट्यूबाऐवजी बास ट्रॉम्बोन घेतात. न्यूयॉर्कचं अमेरिकन ब्रास क्विंटेट १९६० पासून तसंच वाजवत आलं आहे. पायाचा आवाज त्यामुळे सडपातळ आणि स्पष्ट होतो. मला स्वतःला ट्यूबाचीच गादी बरी वाटते.

पेटीतून सुटलेला गंधार

आता मराठी श्रोत्याला कदाचित सगळ्यात जास्त आवडेल अशी गोष्ट. पेटी सुरात असते का, हा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललेला वाद. पेटीत, पियानोत, सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. सोयीचं आहे, पण त्यातला शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो. किती? अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे १४ भाग. ऐकायला किरकोळ, पण तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला खुपणारा.

ब्रास क्विंटेटमध्ये पियानो नसतो. सुरांची जागा पक्की ठरवून देणारं कुणीच नसतं. ओठ, सरकती नळी आणि ती कडीतली अनामिका यांच्या जोरावर पाचही जण सूर केसभर खाली-वर नेऊ शकतात. म्हणून लांबलचक स्वरमेळ आला, म्हणजे सा, ग आणि प एकाच वेळी धरून ठेवायचे असले, की ज्याच्या वाट्याला ग आला आहे तो आपोआप तो थोडा उतरवतो. पेटीतल्या ग वरून तानपुऱ्यातल्या ग वर येतो. त्या क्षणी काय होतं ते ऐकण्यासारखं असतं. आधी स्वरमेळात एक बारीकशी थरथर असते, डास कानाजवळ फिरावा तशी. ग जागेवर बसला की थरथर थांबते आणि पाच आवाजांचा एकच होतो. कधी कधी खाली, कुणीच वाजवत नसलेला एक सूर गुणगुणू लागतो. तो तुमच्या कानातच तयार होतो.

पण ग उतरवायचा हे कायमचं नाही. पुढच्याच मात्रेला तोच सूर दुसऱ्या स्वरमेळाचा प होतो, आणि मग तो उतरलेला चालत नाही. म्हणजे पाच जण प्रत्येक क्षणी मनात विचारत असतात: मी आत्ता कोण आहे? सा, ग की प? गाण्याच्या मैफलीत षड्ज दोन-तीन तास एकाच जागी उभा असतो. इथे तो दर काही सेकंदांनी घर बदलतो आणि सगळ्यांना सामान उचलून त्याच्या मागे जावं लागतं. रागसंगीत ऐकणाऱ्याला पाश्चात्त्य संगीत 'पोचत नाही' ते बहुतेक इथेच. आपण कानाने एक षड्ज धरून बसतो आणि तो हलला की वाट चुकल्यासारखं वाटतं. सोपा उपाय म्हणजे ट्यूबाकडे कान द्यायचा. घर कुठे हललं ते सहसा तोच सांगतो.

मनोऱ्यावरून सभागृहात

अशा मैफलीत वाजतं काय? बहुतेक कार्यक्रमांची सुरुवात व्हेनिसमध्ये होते. जिओव्हान्नी गाब्रिएली हा १५८५ पासून तिथल्या सेंट मार्क्स चर्चचा ऑर्गनवादक. त्या चर्चमध्ये समोरासमोर सज्जे आहेत. त्याने वादकांचे दोन ताफे करून त्यांच्यात सवाल-जवाब लावले. १५९७ मध्ये छापलेल्या त्याच्या संग्रहात एक सोनाटा आहे, 'पियान ए फोर्ते', म्हणजे हळू आणि जोरात. कुठे हळू, कुठे जोरात आणि कुठलं वाद्य, हे कागदावर लिहून देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रचनांपैकी ती एक. मुळात त्यात ट्रॉम्बोन, कॉर्नेट्टो आणि व्हायोलाच्या घरातलं एक तारवाद्यही आहे. आज ती बहुधा सगळी ब्रासवर वाजते. ती ऐकताना एक लक्षात येईल: स्वरमेळ घाईने बदलत नाहीत. घुमटाखाली आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो. आधीचा विरायच्या आत पुढचा आला तर सगळं गढूळ होईल. गाब्रिएलीने ते चर्च हेच सहावं वाद्य धरून लिहिलं आहे.

पुढचा थांबा जर्मनीतलं लाइपझिग. तिथे नगरपालिकेच्या पगारावरचे वादक रोज सकाळी दहा वाजता टाउन हॉलच्या मनोऱ्यावरून वाजवत. योहान पेत्सेलने १६७० साली त्या कामासाठी पाच आवाजांच्या रचनांचा अख्खा संग्रह काढला आणि त्याचं नावच ठेवलं 'दहावा तास'. आपल्याकडे वाड्याच्या नगारखान्यात चौघडा झडायचा, त्यातलाच प्रकार. कुणी मुद्दाम ऐकायला येत नाही, पण वाजला नाही तर गावाला चुकल्यासारखं होतं.

आणि मग सेंट पीटर्सबर्गचे एक प्राध्यापक महाशय. व्हिक्टर एवाल्द, जन्म १८६०, पेशाने सिव्हिल इंजिनिअर, हौसेने चेलो वाजवणारे. या गृहस्थांनी ब्रास क्विंटेटसाठी चार रचना लिहिल्या. एक १९१२ मध्ये छापली गेली, उरलेल्या तीन अनेक दशकं कुणाला माहीतच नव्हत्या. १९७० च्या दशकात त्या मैफलीत आल्या. ब्रासवाल्यांकडे बीथोव्हेन-मोझार्टने लिहिलेलं फारसं काही नाही, कारण मोझार्टच्या काळात व्हॉल्व्हच नव्हते आणि बीथोव्हेनच्या अखेरच्या वर्षांत ते नुकते कुठे येत होते. त्यामुळे हा हौशी इंजिनिअर त्यांच्यासाठी सोन्याची खाण ठरला. एवाल्दची पहिली रचना ट्यूबाच्या एकट्या सुराने सुरू होते, गूढ, खालच्या पट्टीत. ट्यूबाला विनोदी समजणाऱ्यांनी ही आधी ऐकावी.

विसाव्या शतकातली खूण म्हणजे माल्कम आर्नल्डची १९६१ ची क्विंटेट. आर्नल्ड स्वतः लंडन फिलहार्मोनिकमधला पट्टीचा ट्रम्पेटवादक, त्यामुळे कुठे ओठ दमतात, कुठे खुलतात हे त्याला आतून ठाऊक. दोन खट्याळ भागांच्या मध्ये त्याने एक काळाकुट्ट, संथ भाग ठेवला आहे. सभागृहात त्या वेळी खोकलासुद्धा ऐकू येत नाही.

राहिलेला कार्यक्रम बहुतेक रूपांतरांचा. यात बाखच्या ऑर्गनवरच्या फ्यूग हमखास असतात, आणि त्या ब्रासवर मूळ वाद्यापेक्षा जास्त कळतात असं माझं धाडसी मत आहे. फ्यूग म्हणजे एकाने एक ओळ म्हणायची, मग दुसऱ्याने तीच उचलायची, मग तिसऱ्याने. भजनात पुढच्याने ओळ टाकावी आणि मागच्यांनी झेलावी तसं. पण इथे पहिला थांबत नाही, तो वेगळंच काही म्हणत चालू राहतो. ऑर्गनवर हे सगळं एकाच पडद्यामागून येतं. ब्रासवर ओळ कुणाच्या हातात गेली ते डोळ्यांनी दिसतं. बाखच्या जी मायनरमधल्या 'छोट्या' फ्यूगमध्ये ती वरच्या आवाजात सुरू होऊन पायरी पायरीने खाली, तळाच्या आवाजापर्यंत उतरते. बोट धरून मोजता येईल इतकं स्पष्ट.

हे सगळं मनोऱ्यावरून, लष्करातून, चर्चमधून सभागृहात आणायचं काम काही मोजक्या लोकांनी केलं. ट्रम्पेटवादक फिलिप जोन्सने १९५१ साली लंडनमध्ये ताफा उभारला आणि १९८६ पर्यंत चालवला. कधी पाच जणांचा, कधी दहा जणांचा. तोवर ब्रासवाल्याने ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत बसून पन्नास-शंभर आवर्तनं मोजायची आणि मग दोनदा वाजवायचं, अशी रीत होती. १९७० मध्ये टोरोंटोत कॅनेडियन ब्रास सुरू झालं. काळा सूट आणि खाली पांढरे धावायचे बूट घालून हे लोक रंगमंचावर येतात, थट्टामस्करी करतात, आणि मग बाख असा वाजवतात की हसणारे लोक गप्प होतात.

आपला धागाही अगदीच तुटका नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन आणि वाद्यं शिकवली जात. तिथून मुंबईत आलेल्या वादकांनी हॉटेलांतले जॅझ बँड आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा भरून काढले. त्यांतलेच एक हळदोण्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ. त्यांना लोक चिक चॉकलेट म्हणून ओळखायचे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला त्यांचा नाचरा ट्रम्पेट ऐकला असेल, तर या घराण्याशी तुमची ओळख आधीच झालेली आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम होतात, तिथे मागे बसलेला ब्रासचा विभाग निरखायला मिळतो. आणि गणपतीच्या मिरवणुकीत पुण्याचा प्रभात बँड समोर आला तर दोन मिनिटं रस्त्याच्या कडेला थांबून खरंच ऐकून बघा.

मैफलीत बघायचं काय

सुरुवात. समोर वाजवायला सांगणारा कंडक्टर नाही, तबल्याची सम नाही. मग पाच जण एकाच क्षणी कसे सुरू होतात? श्वासाने. पहिला ट्रम्पेट खांदे किंचित उचलून श्वास घेतो आणि त्या श्वासाच्या लांबीतच लय सांगितलेली असते. चार जण त्याच्याबरोबर तोच श्वास घेतात. एकदा हे दिसलं की पुढे नजर तिथेच जाते.

मध्येच एखादा वादक वाद्य वाकडं करून, एक कळ दाबून जमिनीवर पाणी सोडतो. शेजारच्या बाई पहिल्यांदा बघून माझ्याइतक्याच शहारल्या होत्या. ती थुंकी नसते, निदान बरीचशी नसते. गरम दमट श्वास थंड पितळेला लागून त्याचं पाणी होतं, पावसाळ्यात काचेवर साचतं तसं. ते काढलं नाही तर सूर गुडगुडतो. शांत भागाआधी सगळे घाईघाईने नळ्या रिकाम्या करायला लागले की समजावं, आता काहीतरी नाजूक येणार.

वाद्याच्या तोंडात खुपसायचे म्यूट, म्हणजे आवाज बदलणारी बुचं, पाहा. एक प्रकार शंकूसारखा, त्याने आवाज बारीक आणि टोचरा होतो. एक वाटीसारखा, त्याने मऊ. आणि जॅझची रचना असेल तर एखादा वादक खरोखर संडासाचं तुंबलेलं भांडं मोकळं करायच्या रबरी पंपाची वाटी डाव्या हातात धरून 'वा-वा' करील. ती वाटी हार्डवेअरच्या दुकानातूनच आलेली असते आणि त्यात कुणाला संकोच नसतो.

आणि बोलणं. ब्रासच्या मैफलीत वादक दोन रचनांमध्ये फार बोलतात. आज हवा कशी आहे, या रचनेचा किस्सा काय, ट्यूबावाल्याची टिंगल. मला आधी वाटलं, लोकांना रिझवायची ही पद्धत. ती आहेच, पण खरं कारण ओठ. पियानोवादक दोन तास सलग वाजवू शकतो. ओठांच्या त्या इवल्या स्नायूंवर माउथपीसचा दाब बसतो, रक्त अडतं, ते थकतात, आणि थकले की आधी वरचे सूर जातात, मग हळू वाजवण्याची ताकद जाते. ऑर्केस्ट्रात मधली विश्रांती लिहूनच आलेली असते. क्विंटेटमध्ये पाचही जण जवळजवळ सतत वाजवत असतात. म्हणून एक जण बोलतो, चार जण ओठ सैल सोडतात. पुढच्या रचनेत दुसरा बोलतो. रूपांतर करणाराही चाल एकाच्या हातात फार वेळ ठेवत नाही. पहिल्या ट्रम्पेटचा श्वास संपत आला की ती हॉर्नकडे जाते. तुम्हाला ते रंगांचं वैविध्य वाटतं, आणि ते तसं असतंही.

यामुळे एक कसोटी आपोआप हाती येते. जोरात वाजवण्यावर भाळू नका. जोरात वाजवायला हवा लागते, आणि ती सगळ्यांकडे असते. कार्यक्रमाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, तासभर वाजवून झाल्यावर, पाच जण एखादा सूर नसल्यातून सुरू करून नसल्यात विरवू शकतात का ते ऐका. ओठ जिवंत असले तरच ते जमतं.

टाळ्यांची धास्ती नको. एका रचनेच्या भागांमध्ये टाळ्या न वाजवण्याचा रिवाज आहे, पण ब्रासची मंडळी त्याबाबतीत ढिली असतात. वाद्यं खाली आली, खांदे सैल झाले की रचना संपली. आपली 'वाहवा' मात्र मनात ठेवावी लागते, हे मला अजून जमत नाही.

त्या दिवशी शेवटी लोकांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत, तेव्हा त्यांनी आणखी एक छोटी संथ धून वाजवली. मग चहाच्या टेबलापाशी पहिला ट्रम्पेटवाला माझ्या पुढेच रांगेत उभा होता. मी मान वर करून आभार मानले. तो हसला, पण तोंड पूर्ण न उघडता, आणि त्याच्या वरच्या ओठावर माउथपीसची लालभडक गोल खूण उमटलेली होती. चहा त्याने बराच वेळ हातातच धरून निवू दिला.